सहा मेलेले राजे आणि एक तरशीण

एका राज्यात सात राजे होते, आणि त्यांतले सहा मेलेले होते.

जिवंत होता तो सातवा, राजा भालसेन. सिंहासनावर तो बसायचा, मुकुट तो घालायचा, पण बोलायचं काय ते सहा मेलेले ठरवायचे. घरातली थोरली माणसं सगळीकडेच थोडीफार अशी असतात. आपल्याकडची दुपारी तासभर डोळा तरी लावतात, एवढाच फरक.

हे झालं असं. पहिला राजा मरायला टेकला, तेव्हा त्यानं मांत्रिकाला बोलावलं आणि सांगितलं, मला जायचं नाही. मांत्रिक म्हणाला, जीव राखणं माझ्या हातात नाही, शब्द राखणं आहे. हाडं जाळू नका, पुरू नका. एकूण एक हाड रुप्याच्या तारेत ओवा आणि सांगाडा आसनावर बसवा. तारेत एक हाड जरी राहिलं, तरी गाठ राहील. गाठ आहे तोवर राजाचा शब्द चालेल.

तसंच केलं. राजा मेला, ओवला, बसवला, आणि तिसऱ्या दिवशी बोलला. पुढे त्याचा मुलगा मेला, नातू मेला, पणतू मेला, आणि तीच तार लांबत गेली. राजवाड्याच्या पोटात एक बिनखिडक्यांचा अस्थिमहाल उभा राहिला. त्यात ओळीनं सहा आसनं, सहा सांगाडे, सहा मुकुट.

पण हाड नुसतं ओवून टिकत नाही. त्याला चुना लागतो, नाहीतर ते भुरभुरत जातं. मेलेल्यांनी तो चुना जिथे कोवळा होता आणि पटकन सुटत होता तिथून ओढायला सुरुवात केली. म्हणजे लेकरांच्या अंगातून. आधी ओढ थोडी होती, एखाददुसरंच लेकरू सापडे; आसनं सहा झाली आणि एकही सुटेना.

आधी पावलं वाकायची, मग गुडघे, मग कंबर. शेवटी फासळ्या मऊ पडायच्या, आणि फासळ्या मऊ पडल्या की श्वासाला आत जागा उरायची नाही. त्या राज्यात घरोघरी पाळणे होते, पांगुळगाडा एकही नव्हता. जे लेकरू जाई त्याची हाडंही त्याच तारेत ओवून राजांच्या पायाशी बसवत. आईबापांना सांगत, हा मान आहे, राजांना तिकडेही हुजरे लागतात. आईबाप मुकाट्यानं ऐकून घेत. ऐकण्यावाचून दुसरं काही करायची त्या राज्यात सवयच राहिली नव्हती.

त्या राज्यात भिवरा नावाची एक वैदीण होती. हाडं बसवणं हे तिच्या घराचं पिढीजात काम. निखळलेला खांदा ती बोलता बोलता बसवायची, आणि माणूस कळवळेपर्यंत तिचं बोलणं कांद्याच्या रोपावर गेलेलं असायचं. अस्थिमहालाचं कामही याच घराकडे होतं. दर अमावास्येला जायचं, हाडांना तेल लावायचं, ढिली पडलेली तार आवळायची. भिवरानं एकही अमावास्या चुकवली नव्हती. लोक म्हणत, काय बाईची निष्ठा. निष्ठा वगैरे काही नव्हती. सहाव्या राजाच्या पायाशी, डावीकडून तिसरा, तिचा सिदू बसलेला होता. पाच वर्षांचा. तिनं स्वतःच्या हातानं त्याला ओवलं होतं, कारण दुसरं कोणी ओवलं असतं तर घोट्याची हाडं उलटसुलट झाली असती. सहा राजांना मिळून जेवढं तेल लागायचं, त्याहून जास्त तिचं त्या एकट्याला लागायचं.

सिदूच्या मागची हौसा. सात वर्षांची. तिचे पाय जमिनीला टेकवले की ओल्या वेतासारखे वाकायचे. ओट्यावर बसल्या बसल्या ती सगळ्या गल्लीवर हुकूम चालवायची, आणि आई कामावरून आली की विचारायची, "आज कुणाचे पाय नीट केलेस? माझे राहिले ना?" भिवरा म्हणायची, "घरच्या गिऱ्हाइकाचा नंबर शेवटी." आणि मग दोघी हसायच्या. हसायचं ठरलेलंच होतं.

एका सकाळी आंघोळ घालताना भिवराचा हात हौसाच्या कमरेवर गेला, आणि कंबर बोटांखाली दबली. पुढची पायरी फासळ्यांची. त्याला तीन महिने लागतात. हे तिला कुणी सांगायला नको होतं. सिदूच्या वेळी तिनं दिवस मोजले होते.

त्या अमावास्येला तेल लावता लावता तिनं पहिल्या राजाला विचारलं, "महाराज, अजून किती लेकरं?"

"आम्ही आहोत तोवर."

"आणि आपण कधी जाणार?"

सहाही कवट्या खडखडल्या. त्यांचं हसणं तसंच होतं. पहिला राजा म्हणाला, "आम्हाला नेईल असं जगात एकच तोंड होतं. ते आम्ही राज्यातून मारून काढलं."

भिवरानं तेलाची वाटी उचलली, सिदूच्या गुडघ्यावरून एकदा हात फिरवला आणि ती बाहेर आली. तोंड कुणाचं ते तिला कळलं होतं. हाडांचा धंदा करणाऱ्याला ते कळतंच.

वाघ मांस खातो आणि हाडं टाकून जातो. कोल्हा हाड चाटतो. गिधाडं सांगाडा लख्ख करून उडून जातात. तरस मात्र हाडच फोडतं. मांडीचं हाड आपण शेवग्याची शेंग चावावी तसं चावतं, खूर खातं, शिंग खातं, आणि त्याच्या पोटात त्या सगळ्याचं पीठ होतं. मागे राहते ती चुन्यासारखी पांढरी विष्ठा. ती पावसात विरते, मातीला लागते, मातीतून गवताला. म्हणूनच पहिल्या राजानं मेल्यावर पहिला हुकूम काढला तो तरसांवर. तरस पोरं पळवतं, तरस हसून माणसाला वेड लावतं, अशा गोष्टी गावोगाव पेरल्या. खरं तर तरसाएवढं मुकं जनावर माळावर दुसरं नाही. पण ऐकीव गोष्ट आपण किती आवडीनं पुढे सांगतो, ते मी तुम्हाला काय सांगू. मी सुद्धा आत्ता तेच करतेय.

त्या हुकमाबरोबर एक रिवाजही पडला होता. तरस मारलं की उजवा कान कापून राजाला द्यायचा, आणि अख्खं धूड अस्थिमहालात पूर्वजांच्या पायाशी ठेवायचं. बाहेरून कुलूप घालायचं आणि एक प्रहर कुणी आत जायचं नाही. वैरी मेलेला पाहून पूर्वजांचा जीव निवावा म्हणून. बारा वर्षांत एकही तरस मिळालं नव्हतं. रिवाज मात्र सगळ्यांना पाठ होता.

भिवरानं हौसाला शेजारणीच्या हवाली केलं, पदरात भाकरी बांधली आणि ती उत्तरेच्या माळाकडे निघाली. तीन दिवस चालली. चौथ्या दिवशी तिच्या पायाखालून कोणीतरी ओरडलं.

"बाई, पाऊल मागे घे. अंडी आहेत."

टिटवी होती. भिवरानं पाऊल मागे घेतलं आणि माफी मागितली. टिटवीला माफीची सवय नव्हती. तिनं मान तिरकी केली.

"कुणाला शोधतेस?"

"तरसाला."

"तरसाला शोधायला येतात ते काठी घेऊन येतात."

"माझ्याकडे काठी नाही."

"म्हणून तर बोलतेय. नाहीतर मी एवढी बोलकी नाही," टिटवी म्हणाली. हे काही खरं नव्हतं, पण ते असू द्या. तिनं तीन गोष्टी सांगितल्या. माळावर एकच तरशीण उरलीय. तिच्या घरी जायचं तर पाऊलखुणा बघू नकोस, गवताच्या काड्या बघ. पोचलीस की डोळ्यांना दिसेल त्यावर विश्वास ठेवू नकोस. आणि ती जे मागेल ते आधी नीट ऐकून घे, मग हो म्हण. "तुम्ही माणसं हे उलट्या क्रमानं करता," असं म्हणून ती अंड्यांवर बसली.

भिवरा काड्या बघत निघाली. तरस चालता चालता थांबतं, शेपटी उचलतं आणि उंच काडीवर लोण्यासारखं काहीतरी पुसून जातं. तीच त्याची चिठ्ठी, आणि ती नाकानं वाचायची. वास म्हणाल तर जळक्या चरबीचा आणि भिजल्या कातड्याचा. मी असते तर पहिल्याच काडीपाशी पदर नाकाला लावून घरचा रस्ता धरला असता. भिवरा वाकली आणि तिनं वास घेतला. पहिली काडी म्हणाली, इथून पुढे माझं आहे. कोसभर पुढे दुसरी काडी होती, वाळून काळी पडलेली, नराची. ती म्हणाली, मी या वाटेनं विष घातलेल्या गाईकडे गेलो. त्याच्यानंतरची त्याची एकही काडी नव्हती. तिसरी काडी ओली होती. ती म्हणाली, मी इथून आत्ताच गेले, एकटी, माझ्या अंगावर दूध आहे, आणि मला भूक लागलीय.

तिसऱ्या काडीपुढे खडकाखाली एक बीळ होतं. दारात हाडांचा ढीग: गाईच्या फासळ्या, कासवाची पाठ, गाढवाचा जबडा, एका चपलेचा तळ. आणि ढिगाशेजारी तरशीण मरून पडली होती. जीभ बाहेर, डोळे अर्धे उघडे, डोळ्यावर माशी. अंगावरचे काळे पट्टे धुळीनं राखी झालेले, मानेवरची आयाळ चिकटलेली. पुढचे पाय लांब, मागचे आखूड, त्यामुळे मेल्यावरही ती चढण चढत असल्यासारखी दिसत होती.

तीन दिवस चालून हे. मग भिवराला टिटवी आठवली. तिनं वाकून तरशिणीचा मागचा पाय हातात घेतला आणि सांधा हलवून पाहिला. मेलेल्याचा सांधा एकतर ताठ असतो नाहीतर सैल. हा दोन्ही नव्हता. हा सांधा वाट बघत होता.

भिवरा शेजारी बसली, भाकरी सोडली आणि म्हणाली, "बाई, मी हाडं बसवते. मेलेला कोण आणि पडलेला कोण, एवढं मला कळतं. सावकाश उठा. मला घाई नाही." घाई होती, पण पाहुण्यानं तसं म्हणायचं नसतं.

बराच वेळ गेला. माशी उडाली. तरशिणीनं एक डोळा उघडला.

"कुत्र्यांना कळत नाही. शिपायांना कळत नाही. तू पहिली."

भिवरानं सगळं सांगितलं. तार, सहा राजे, चुना, हौसाची कंबर. तरशीण म्हणाली, "आमच्या घराचा रिवाज आहे. बिळाशी जो येतो तो आधी पिल्लांसाठी काहीतरी करतो, मग बोलतो. थोरली भावंडंसुद्धा रिकाम्या तोंडानं येत नाहीत." मग तिनं जमिनीशी तोंड नेऊन बारीक आवाज केला, आणि बिळातून दोन पिल्लं आली. एक चालत आलं. दुसरं ओढत आलं. फासात सापडून त्याचा पुढचा पाय मोडला होता.

भिवरानं ते पिल्लू मांडीवर घेतलं आणि मोडलेली जागा शोधायला बोटं फिरवली. फिरवता फिरवता तिची बोटं थांबली. कित्येक वर्षांत पहिल्यांदा तिच्या हाताखाली लेकराचं ताठ हाड आलं होतं. मोडलेलं होतं, पण ताठ होतं. वाकून मोडलं नव्हतं, झुंजून मोडलं होतं. ती वैदीण, जिच्यासमोर दांडगे गडी ओरडून बेशुद्ध पडले तरी जिच्या पापणीला काही व्हायचं नाही, ती त्या पिल्लाला धरून रडली. पिल्लानं तिचं कोपर चावलं. मग तिनं डोळे पुसले, कामट्या तासल्या आणि पाय बांधला.

हाड धरायला एकवीस दिवस लागले. तरशीण संध्याकाळी जायची आणि सापडेल ते घेऊन यायची. भिवरा पिल्लं सांभाळायची, आणि मनात हौसाचे दिवस वजा करायची. बाविसाव्या दिवशी पिल्लू चारही पायांवर उभं राहिलं आणि पहिली गोष्ट म्हणून त्यानं कामट्या खाल्ल्या.

"आता बोल," तरशीण म्हणाली.

भिवरानं बेत सांगितला. तू मर. मी शिपायांना आणते. ते तुला स्वतः उचलून महालात नेतील, स्वतः कुलूप घालतील, आणि एक प्रहर कोणी आत येणार नाही.

"आणि ते सहा मला ओळखणार नाहीत?"

"त्यांना नाकं नाहीत. डोळे नाहीत. लोक सांगतील तेच त्यांना दिसतं."

तरशीण म्हणाली, "आता एक गोष्ट नीट ऐक. मी वेचून खात नाही. हाड राजाचं की हुजऱ्याचं, मला कळत नाही. त्या तारेत जे जे असेल ते सगळं जाईल. एकही राहिलं तर गाठ राहील, आणि मी उगाच मेले असं होईल. तुझं तिथे कोणी आहे का?"

माळावर वारा होता. भिवरानं गवताकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

तरशिणीनं नाक वर करून हवेत काहीतरी हुंगलं.

भिवरा राजाकडे गेली आणि म्हणाली, विष घालून तरस मारलंय. बारा वर्षांनी ही बातमी आली होती. नगारे वाजले, मिठाया वाटल्या. नाईक चार शिपाई घेऊन माळावर आला. तरशीण पडलेली होती. नाईकानं तिच्या बरगडीत लाथ घातली. ती हलली नाही. भाल्याचं टोक पोटाला लावून दाबलं. हलली नाही. मग त्यानं सुरी काढली, उजवा कान मुठीत धरला आणि मुळापासून कापला. त्याला घाई नव्हती, आणि सुरी बोथट होती. रक्त गवतावर गेलं. भिवरा दोन हात अंतरावर उभी होती आणि स्वतःच्या कानाला हात लावायचं धाडस तिला होत नव्हतं. तरशिणीच्या डोळ्यावर माशी बसली, तशीच राहिली. एका शिपायाला ताज्या रक्ताची शंका आली, तसा नाईक म्हणाला, "विषानं मेलेलं जनावर असंच वाहतं." हे त्यानं आत्ताच ठरवलं होतं. पण नाईकच तो.

बांबूला उलटी टांगून तिला नेलं. लोक वाटेवर थुंकत होते.

दार लावायच्या आधी पूर्वजांना तेल लावायचा हक्क भिवराचा. ती वाटी घेऊन आत गेली. राजे खुशीत होते. तरशिणीचं धूड पायाशी पाहून, म्हणजे पायाशी आहे असं ऐकून, ते एकमेकांना जुन्या शिकारी सांगत होते. भिवरा ओळीच्या शेवटी गेली. डावीकडून तिसरा. तिनं सिदूला तेल लावलं. कवटीला, खांद्याला, एकेका मणक्याला. घोट्यापाशी आली आणि तिच्या हातानं तिला न विचारता तार सैल केली. घोट्याचं एक हाड, चिंचोक्याहून थोडं मोठं, तिच्या मुठीत आलं. हे कुठे राजाचं आहे, ती मनाशी म्हणाली. एवढ्याशा हाडानं कुणाचा शब्द चालणार आहे. तिनं ते पदराच्या टोकाला बांधलं आणि बाहेर आली. तिच्यामागे राजा भालसेननं स्वतः कुलूप घातलं.

लोक मांडवात जेवायला गेले. दारात दोघंच राहिली. किल्ली कमरेला लावलेला राजा, कारण रिवाज तसा होता, आणि भिवरा, कारण तिचे पाय तिथून निघत नव्हते.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आतून एक आवाज आला, वाळकं लाकूड मोडल्यासारखा. मग दुसरा. राजाचा चेहरा बदलला. आत सहाजण एकदम बोलायला लागले, मग पाच, मग चार. तिसरा तर वाक्याच्या मध्येच संपला. शेवटी एकच आवाज उरला, सगळ्यांत जुना.

"भालसेना, दार उघड."

राजाचा हात किल्लीवर गेला. जन्मात त्यानं हा आवाज मोडला नव्हता.

भिवरा हळूच म्हणाली, "महाराज, युवराज किती वर्षांचे झाले?"

"चार."

"चालतात?"

राजानं दाराकडे पाहिलं.

"भालसेना. तुझ्या घराचा पहिला राजा तुला सांगतोय. उघड."

"कापसाच्या गादीवर असतो तो," राजा भिवराला म्हणाला. "उचलताना चार दासी लागतात. मी त्याला अजून मांडीवर घेतलेला नाही. मोडेल अशी भीती वाटते." त्यानं किल्ली काढली, थोडा वेळ तळहातावर धरली, मग खाली ठेवली आणि तिच्यावर पाय ठेवून उभा राहिला. आतून त्याला शिव्या आल्या, शाप आले, लाडाची नावं आली. मग मांडीचं हाड मोडल्याचा एक मोठा आवाज आला. त्यानंतर बारीक बारीक आवाज येत राहिले, बराच वेळ. ती लेकरं होती. भिवरानं दाराला डोकं टेकलं आणि सगळे ऐकले.

प्रहर संपला. दार उघडलं. आत रुप्याच्या तारेचा गुंता पडला होता, सहा मुकुट पडले होते, आणि एका मुकुटावर दात उमटलेले होते. चावून पाहिला असणार. एवढी हाडं एका प्रहरात कशी संपली, ते मला विचारू नका, मला दोन चकल्या संपवायला तेवढा वेळ लागतो. तरशीण मधोमध बसली होती. आयाळ उभी, उजव्या कानाच्या जागी रक्ताची खपली. शिपायांनी भाले उचलले. सगळ्यांनी सवयीनं आसनांकडे पाहिलं, हुकमासाठी. आसनं रिकामी होती.

मग त्यांनी राजाकडे पाहिलं. राजानं तोंड उघडलं, मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणी शब्द पुरवत नव्हतं. शेवटी म्हणाला, "तिला वाट द्या." आवाज चिरका होता, पण त्याचा होता.

पुढे पुष्कळ काही झालं. त्या रुप्याच्या तारेचे घुंगरू करून पांगुळगाड्यांना लावले. तरसांवरचा हुकूम फिरवला. मेलेल्यांना मातीला द्यायची रीत परत आली. नाईकाला तरसांच्या माळाची राखण दिली, आणि तो कान राजाकडून परत मागून घेऊन त्यानं जन्मभर खिशात बाळगला, का ते कुणाला सांगितलं नाही. राजा भालसेन तो दात उमटलेलाच मुकुट घालत राहिला. पण हे सगळं नंतरचं.

त्या दुपारी राजवाड्यातून एका दासीची हाक आली, की युवराज गादीवरून उतरलेत. मग गल्लीगल्लीतून हाका आल्या. ओट्यांवरून, पाळण्यांतून, आजीच्या मांडीवरून लेकरं खाली उतरत होती आणि उभं राहता येतं म्हणून नुसतीच उभी राहत होती. भिवरा पळत घरी गेली.

हौसा ओट्यावर बसलेली होती. "सगळे उभे राहिले," ती म्हणाली. "माझे पाय राहिले ना?" आणि या वेळी ती हसली नाही.

भिवरानं तिची कंबर दाबून पाहिली. बोट आत गेलं. अजून मऊ. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. गाठ राहिली होती, फक्त आता ती एकट्या तिच्या घराची होती.

गल्ली एकदम गप्प झाली. तरशीण येत होती. पुढून उंच, मागून बुटकी, रेंगाळत, भरल्या पोटानं. लोक भिंतींना चिकटले होते. ती भिवराच्या ओट्यापाशी थांबली आणि तिनं पदराला नाक लावलं.

"एका लेकराचा घोटा कमी होता," ती म्हणाली.

"तेवढंच आहे माझ्याकडे त्याचं."

"मी माळावर विचारलं होतं."

"हो."

"तू नाही म्हणालीस."

"हो."

तरशीण उभी राहिली. ती ओढूनही घेऊ शकली असती. तिच्या जबड्यापुढे वैदिणीची मूठ ती काय. पण तिनं ओढलं नाही. भिवरानं पदराची गाठ सोडायला घेतली. दुसऱ्यांच्या गाठी ती डोळे मिटून सोडायची. ही गाठ सोडायला तिला फार वेळ लागला. घोट्याचं हाड तळहातावर आलं, तेलानं चकाकत होतं. तिनं ते एकदा गालाला लावलं. मग हात पुढे केला.

"आई, ती काय खातेय?" हौसानं विचारलं.

"तुझ्या दादाचा घोटा."

"त्याला दुखेल."

"नाही," भिवरा म्हणाली. "आता नाही दुखणार."

तरशिणीच्या दातांखाली कट्ट असा आवाज झाला, आणि अगदी त्याच वेळी, तसाच आवाज हौसाच्या घोट्यात झाला. वैदिणीच्या कानाला तो ओळखीचा होता. हाड जागेवर बसल्याचा. हौसानं एक पाय ओट्याखाली सोडला. टेकवला. वाकला नाही. मग दुसरा.

तरशीण तोवर गल्लीच्या टोकाला पोचली होती. तिची पिल्लं वाट बघत होती. भिवराला तिला हाक मारायची होती, पण काय म्हणून मारावी ते सुचेना. तेवढ्यात तिच्या रिकाम्या हातात हौसाचा हात आला, उंचीवरून, उभ्या लेकराचा.

त्या पावसाळ्यात माळावर जिथे जिथे पांढरं काही विरलं, तिथे गवत कमरेएवढं वाढलं. भिवरा आणि हौसा ते बघायला चालत गेल्या, दोघी चालत. तिथलं होतं ते मातीला पोचलं, माझ्याकडचं होतं ते तुम्हाला पोचलं. आता उठा, मला पाय मोकळे करू द्या.